घरातील दोन संगणक आणि एक सर्व्हर: लिनक्सचे कोणते वितरण निवडावे?

वाचनवेडी

नमस्कार. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आमच्या घरातली दोन यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्या निमित्ताने मी विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सबद्दल आणि त्याच्या वितरणांबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या गटांनी तयार केलेल्या त्याच्या संचांबद्दल, वाचायला घेतले. परंतु जितके वाचले तितका गोंधळ वाढत गेला, कारण प्रत्येक लेखातली ‘सर्वोत्तम’ वितरणांची यादी वेगळी असते आणि ते कोणासाठी सर्वोत्तम, हे क्वचितच लिहिलेले असते. म्हणून आमची परिस्थिती नेमकी सांगते.

पहिले यंत्र म्हणजे आईचा २०१४ चा लॅपटॉप: ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क आणि ब्रॉडकॉमची वायफाय चिप. आई त्यावर ब्राउझर वापरते, पत्रे टाइप करते आणि व्हिडिओ कॉल करते. दुसरा माझा डेस्कटॉप, दोन वर्षांपूर्वी घेतलेला, १६ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचे कार्ड असलेला. त्यावर मी फोटोंचे काम करते. तिसरा २०११ मधला डेस्कटॉप आहे, ८ जीबी रॅमचा, जो मला मॉनिटर न जोडता कोपऱ्यात ठेवून सर्व्हर म्हणून चालवायचा आहे. त्याने सर्वांच्या फाइली एका जागी सांभाळाव्यात आणि रोज रात्री उरलेल्या दोन यंत्रांचा बॅकअप घ्यावा, एवढीच अपेक्षा आहे.

तिन्ही यंत्रांवर एकच वितरण ठेवावे की कामाप्रमाणे वेगवेगळे? सतत नवे होत राहणारे ‘रोलिंग’ वितरण घरासाठी योग्य आहे का? आणि सर्व्हरसाठी डेबियन, उबंटू, अल्मालिनक्स यांत फरक तरी कोणता धरायचा? टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची, भीती वाटत नाही, पण सरावही नाही. नोकरी सांभाळून देखभालीसाठी महिन्याला दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ काढता येणार नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

टर्मिनलकर

तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बहुतेक चर्चांत वेळेचा हिशेब कोणी मांडत नाही, आणि मग ज्याला रोज रात्री संगणकाशी खटपट करायला आवडते त्याचा सल्ला ज्याला फक्त काम करायचे आहे त्याच्या गळ्यात पडतो.

माझे मत आधी सांगतो. सर्व्हरवर डेबियनची स्टेबल शाखा, आईंच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, आणि तुमच्या डेस्कटॉपवर मिंटचीच सिनॅमन आवृत्ती.

मेनू कुठे आहे, खिडक्या कशा दिसतात, हे ठरवते ते डेस्कटॉप वातावरण, आणि ग्नोम, केडीई प्लाझ्मा किंवा एक्सएफसीई जवळजवळ कोणत्याही वितरणावर बसवता येते. वितरण निवडताना खरे पाहायचे असते ते असे की सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळणार आहेत आणि ती मुदत संपली की पुढच्या आवृत्तीवर जाण्याची वाट किती मळलेली आहे. डेबियन १९९३ पासून चालू आहे आणि त्याची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. सध्याची १३ वी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. तिला ३ वर्षे पूर्ण पाठिंबा आणि त्यानंतर २ वर्षे दीर्घ मुदतीचा पाठिंबा, अशी एकूण ५ वर्षे मिळतात. एका आवृत्तीवरून लगेच पुढच्या आवृत्तीवर जाण्याची पद्धत अधिकृत टिपणांत पायरी-पायरीने लिहिलेली असते. मधली आवृत्ती गाळून उडी मात्र मारायची नसते.

डेबियनमधली पॅकेजे, म्हणजे बसवायला तयार प्रोग्राम, ‘जुनी’ असतात, ही तक्रार तुम्ही वाचली असेल. ती अर्धीच खरी आहे. स्टेबल शाखेत बहुतेक पॅकेजांचा आवृत्ती क्रमांक गोठवलेला असतो, पण सुरक्षेची दुरुस्ती त्याच जुन्या क्रमांकाच्या पॅकेजात आणून बसवली जाते. त्यामुळे क्रमांक पाहून ‘हे असुरक्षित आहे’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. ज्या सर्व्हरला वर्षभर हात लावायचा नाही, त्याच्यासाठी हेच वागणे हवे असते: भोक बुजते, पण सेटिंगच्या फाइलीचा अर्थ एका रात्रीत बदलत नाही.

मिंटची २२ वी मालिका उबंटूच्या २४.०४ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. डेबियन, उबंटू आणि मिंट या तिघांची पॅकेज व्यवस्था एकच असल्यामुळे एका यंत्रावर शिकलेली आज्ञा दुसऱ्यावरही चालते. ‘एकच वितरण की वेगवेगळी’ या प्रश्नाला माझे उत्तर म्हणूनच ‘घराणे एक, वितरणे दोन’ असे आहे.

आईंच्या लॅपटॉपबद्दल एक गोष्ट वितरणापेक्षा महत्त्वाची आहे. फिरती डिस्क काढून एसएसडी बसवा. ४ जीबी रॅममध्ये ब्राउझरची आठ-दहा पाने उघडली की यंत्र रॅमऐवजी डिस्कवरची स्वॅप जागा वापरू लागते, आणि फिरत्या डिस्कवर त्या क्षणी सगळे थिजल्यासारखे वाटते. कितीही हलके वितरण निवडले तरी ब्राउझर तितकाच जड राहतो.

रात्रपाळी

मी पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो, म्हणून फक्त सर्व्हरबद्दल लिहितो. टर्मिनलकर यांच्या मताचा आदर आहे, पण ५ वर्षांची मुदत मला तोकडी वाटते. रेड हॅट कंपनीच्या वितरणाच्या घराण्यातल्या (अल्मालिनक्स त्यातलेच) मोठ्या आवृत्त्यांना १० वर्षे दुरुस्त्या मिळतात. अल्मालिनक्स ९ ला २०३२ पर्यंत आणि १० ला २०३५ पर्यंत मिळणार आहेत. एकदा नीट बसवले की ते यंत्र स्वतः मोडेपर्यंत आवृत्ती बदलावी लागत नाही, हा घरच्या माणसासाठीही मोठा दिलासा आहे.

याच घराण्यातल्या सेंटओएस या विनामूल्य वितरणाचे काय झाले, हे मात्र लपवणार नाही. सेंटओएस लिनक्स ८ ला २०२९ पर्यंत पाठिंबा मिळेल, असे धरून आम्ही कित्येक यंत्रे त्यावर नेली होती. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की तो पाठिंबा ३१ डिसेंबर २०२१ रोजीच संपणार. ती रिकामी जागा भरण्यासाठी २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स पुढे आले, आणि आमची यंत्रे जागच्या जागी अल्मालिनक्सवर नेता आली. तरीही तेव्हापासून कोणत्याही वितरणाची मुदत वाचताना, ती मुदत पाळणारे कोण आहेत आणि त्यांचा निर्णय कोणाच्या हाती आहे, हेही मी पाहतो. या कसोटीवर डेबियन भक्कम आहे, कारण ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही.

तुमच्या २०११ च्या यंत्रासाठी एक अडचण आधीच तपासा. रेड हॅटच्या १० व्या आवृत्तीपासून प्रोसेसरला एक्स८६-६४ ची तिसरी पातळी लागते, म्हणजे एव्हीएक्स२ सूचना समजाव्या लागतात. इंटेलने त्या २०१३ मध्ये आणल्या, तेव्हा २०११ च्या प्रोसेसरवर रॉकी १० चालणारच नाही. अल्मालिनक्सने जुन्या यंत्रांसाठी दुसऱ्या पातळीची वेगळी आवृत्ती ठेवली आहे. पण त्या काळातले काही एएमडी प्रोसेसर दुसऱ्या पातळीतही बसत नाहीत. लाइव्ह यूएसबीवरून (डिस्कवर काही न बसवता पेन ड्राइव्हवरून) यंत्र सुरू करून एलएससीपीयू ही आज्ञा द्या आणि फ्लॅगच्या ओळीत एव्हीएक्स२ आहे का, ते बघा. नसल्यास एसएसई४_२ आणि एसएसएसई३ शोधा. तेही नसल्यास माझा सल्ला बाजूला ठेवा आणि डेबियनच घ्या. त्याला ६४ बिटचा कोणताही प्रोसेसर चालतो.

अल्मालिनक्स घेतलेच, तर एसईलिनक्स ही त्यातली संरक्षण व्यवस्था बंद करू नका. सांबाने (नेटवर्कवर फोल्डर वाटणाऱ्या प्रोग्रामने) वाटलेला फोल्डर जोडला जातो, परवानग्या सगळ्या बरोबर असतात, आणि तरी आत एकही फाइल दिसत नाही, असा अनुभव पहिल्याच दिवशी येईल. त्या फोल्डरला सांबासाठीचे लेबल लावायचे राहिलेले असते. दोन ओळींचे काम आहे. पण ते ठाऊक नसल्याने लोक अख्खे संरक्षणच काढून टाकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नवीपालवी

डेस्कटॉपच्या बाबतीत मला वेगळी बाजू मांडायची आहे. नव्या हार्डवेअरसाठी मी फेडोरा सुचवेन. त्याची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मधल्या काळातही पुढे जात राहतो, त्यामुळे अलीकडच्या लॅपटॉपमधले वायफाय, झोपेतून जागे होणे, टचपॅड या गोष्टी त्यावर लवकर सुरळीत होतात. दीर्घ मुदतीच्या वितरणावर नव्या चिपचा ड्रायव्हर येण्याची वाट पाहत बसणे किती कंटाळवाणे असते, हे मी अनुभवले आहे.

किंमत अर्थात मोजावी लागते. प्रत्येक आवृत्तीला सुमारे १३ महिनेच दुरुस्त्या मिळतात, म्हणजे वर्षातून एकदा तरी आवृत्ती बदलायचीच. शिवाय एनव्हिडियाचा ड्रायव्हर आणि काही व्हिडिओ कोडेक आरपीएम फ्यूजन या वेगळ्या भांडारातून घ्यावे लागतात. तुमचे यंत्र दोन वर्षांचे आहे, म्हणजे नव्या कर्नलची निकड उरलेली नाही. त्यामुळे फेडोराचा मुख्य फायदा तुम्हाला कमीच होईल, हे प्रामाणिकपणे मान्य करते.

वितरण कोणतेही घ्या, एनव्हिडिया आणि सिक्युअर बूट (सही नसलेले सॉफ्टवेअर यंत्र सुरू होताना अडवणारी सोय) एकत्र असतील तर एका पडद्याकडे लक्ष ठेवा. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड विचारला जातो, आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळ्या पार्श्वभूमीवर ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवण्याचा पर्याय येतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो. तिथे कळ न दाबता पुढे गेलात, तर ड्रायव्हर बसलेला असूनही कर्नल तो स्वीकारत नाही आणि अक्षरे मोठी, धूसर दिसू लागतात. असे झाल्यास घाबरून सगळे पुन्हा बसवू नका. नोंदणीची ती एकच पायरी पुन्हा करायची असते.

कळफलक

रोलिंगबद्दलच्या प्रश्नाला अजून कोणी हात लावलेला नाही, म्हणून लिहितो.

रोलिंग वितरण नियमितपणे अद्ययावत केले तर बहुधा छान चालते. मी माझ्या मुख्य संगणकावर कित्येक वर्षे तेच वापरतो. पण एकदा तसेच वितरण घरच्या सर्व्हरवर बसवले आणि सात महिने तिकडे फिरकलो नाही. नंतर अपडेट चालवले तेव्हा पॅकेजांच्या सह्या अमान्य असल्याच्या ओळींमागून ओळी आल्या, कारण सह्या तपासण्याच्या किल्ल्या दरम्यान बदलल्या होत्या. किल्ल्यांचे पॅकेज आधी घेऊन वाट मोकळी केली, तर डेटाबेसची मोठी आवृत्ती बदलल्यामुळे जुना डेटा नव्या आवृत्तीला वाचता येईना. तो रविवार सगळा त्यात गेला. दोष वितरणाचा नव्हता. दर आठवड्याला लक्ष द्या, ही त्याची अट मी पाळली नव्हती. महिन्याला दोन-तीन तास देणाऱ्या घरात ही अट बसणार नाही.

तरीही रोलिंग हवेच असेल, तर ओपनसुसे टंबलवीड पाहण्यासारखे आहे. त्यात बीटीआरएफएस फाइल व्यवस्थेवर अपडेटच्या आधी आणि नंतर आपोआप स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदी, घेतले जातात, आणि यंत्र बिघडले तर सुरुवातीच्या मेनूतूनच कालच्या स्थितीत शिरता येते.

स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका, एवढे मात्र कळकळीने सांगतो. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो, आणि डिस्क गेली की दोन्ही जातात. दोन डिस्कांवर एकच मजकूर ठेवणाऱ्या रेडचेही तसेच आहे: चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसली जाते. आणि घेतलेला बॅकअप परत आणून पाहिल्याशिवाय तो आहे असे मानू नका.

वाचनवेडी

सर्वांचे मनापासून आभार. काल लाइव्ह यूएसबीवरून पाहिले: सर्व्हरच्या प्रोसेसरच्या यादीत एव्हीएक्स२ नाही, एसएसई४_२ आणि एसएसएसई३ आहेत. म्हणजे अल्मालिनक्सची वेगळी आवृत्ती चालू शकेल, पण पहिलेच पाऊल आडवाटेने टाकावेसे वाटत नाही. आईच्या लॅपटॉपवर मिंट सुरू झाले. वायफाय दिसले नाही. फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरले, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, तर तिथे ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर सुचवलेला होता. तो निवडल्यावर वायफाय लागले.

आता एकच शंका उरली आहे. डेस्कटॉपवर उबंटू घराण्यातले मिंट घ्यायचे, तर सर्व्हरवरही उबंटूच का नको?

टर्मिनलकर

उबंटू सर्व्हर घेतलात तरी चुकणार नाही. त्याच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतात, प्रत्येकीला ५ वर्षे दुरुस्त्या मिळतात, आणि वैयक्तिक वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत उबंटू प्रो विनामूल्य घेतल्यास ती मुदत १० वर्षांपर्यंत जाते. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसवण्याची सोयही तिथे आधीच चालू असते. डेबियनच्या सर्व्हरवर अनअटेंडेड-अपग्रेड्स हे पॅकेज बसवून ती सोय स्वतः चालू करावी लागते, आणि ती पहिल्याच दिवशी करावी. मी डेबियनकडे झुकतो ते त्यात कमी गोष्टी मुळापासून चालू असतात म्हणून. स्नॅप ही उबंटूची वेगळी पॅकेज पद्धत नाही, प्रोची आठवण करून देणाऱ्या ओळी नाहीत. जे चालते ते मी बसवलेले असते, त्यामुळे बिघाड शोधताना पाहण्याच्या जागा कमी असतात.

डेबियन बसवताना सॉफ्टवेअर निवडीच्या पडद्यावर डेस्कटॉपची खूण काढा आणि ‘एसएसएच सर्व्हर’ (दुसऱ्या यंत्रावरून शिरण्यासाठी) व ‘स्टँडर्ड सिस्टम युटिलिटीज’ या दोनच ठेवा. त्याआधी रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड विचारला जाईल. ती जागा रिकामी सोडली तर तुमच्या स्वतःच्या खात्याला सुडोचा, म्हणजे प्रशासक म्हणून आज्ञा चालवण्याचा, अधिकार मिळतो. १३ व्या आवृत्तीत टेम्प हा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर रॅममध्ये असतो, हेही ध्यानात घ्या. तुमच्याकडे ८ जीबीच आहे, तेव्हा बॅकअपच्या एखाद्या प्रोग्रामला मोठी तात्पुरती फाइल लिहायची असेल, तर त्याला डिस्कवरचा दुसरा फोल्डर नेमून द्या.

आणि मॉनिटर फार दूर ठेवू नका. माझ्या सर्व्हरमध्ये अधिक डिस्का जोडण्यासाठी मी एक कार्ड बसवले, झाकण लावले, बटण दाबले, आणि सर्व्हर नेटवर्कवर दिसेना. पंखा फिरत होता, नेटवर्कच्या तारेचा दिवा लुकलुकत होता. शेवटी मॉनिटर ओढत आणून जोडला तेव्हा कळले की नव्या कार्डामुळे खाचांचे क्रमांक सरकले आणि नेटवर्क कार्डाचे नाव ‘ईएनपी३एस०’ होते ते ‘ईएनपी४एस०’ झाले. सेटिंगच्या फाइलीत जुनेच नाव होते. एक अंक बदलला आणि सगळे पूर्ववत झाले, पण तो अंक सापडेपर्यंत दोन तास गेले होते. कोणत्याही वितरणावर हे होऊ शकते.

वाचनवेडी

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे. सर्व्हरवर डेबियन १३ बसवले आणि आपोआप दुरुस्त्या चालू केल्या. आईच्या लॅपटॉपला एसएसडी लावून मिंट एक्सएफसीई दिले. तिचा पहिला प्रश्न होता की पत्रांचा फोल्डर कुठे गेला, आणि तो पडद्यावर आणून ठेवल्यावर दुसरा प्रश्न आला नाही. माझ्या डेस्कटॉपवर सिनॅमन आहे. निळ्या पडद्याची सूचना वाचलेली होती म्हणूनच मी वेळेत कळ दाबू शकले, त्याबद्दल नवीपालवी यांचे विशेष आभार.

कळफलक यांच्या सांगण्यावरून बॅकअप परत आणूनही पाहिला. आईच्या पत्रांच्या फोल्डरची आधी वेगळी प्रत काढली, मग मूळ फोल्डर पुसला आणि आरसिंक ही फाइली नकलणारी आज्ञा सुडोने चालवून सर्व्हरवरून परत घेतला. फाइली सगळ्या आल्या, पण आईला त्या उघडता येतात, जतन करता येत नाहीत. यादीत मालकाच्या जागी नाव नसून १००१ हा आकडा दिसतो आहे. माझे काय चुकले?

कळफलक

१००१ हा सर्व्हरवरच्या तुमच्या बॅकअप खात्याचा क्रमांक असणार. रात्रीचा बॅकअप त्या खात्याने घेतला, म्हणून सर्व्हरवर फाइली त्याच्या मालकीच्या झाल्या. परत आणताना तुम्ही सुडो वापरल्यामुळे आरसिंकने ती मालकी जशीच्या तशी जपली, आणि आईंच्या लॅपटॉपवर त्या क्रमांकाचे कोणतेच खाते नाही. आत्ता फोल्डरची मालकी चाऊन आज्ञेने आईंच्या खात्याला द्या. पुढच्या वेळी आईंच्या खात्यात शिरून, सुडो न वापरता आणा; मग फाइली आपोआप त्यांच्या नावावर येतील.

वाचनवेडी

मालकी बदलली. आईने आत्ताच एक पत्र उघडून त्यात दोन ओळी भरल्या आणि ते जतन झाले. बाजूला काढलेली प्रत आणखी आठवडाभर ठेवते.